वाळूचं घड्याळ उलटं फिरलंच नाही

दोस्तांनो, या आठवड्यात प्रिंटरबद्दल लिहायचं असं मी ठरवलं होतं. कागद अडकतो कसा, शाई संपते कशी, वगैरे वगैरे. पण टपालाच्या गठ्ठ्यात दोन पत्रं अशी निघाली की प्रिंटर बिचारा पुढच्या अंकावर ढकलावा लागला.

पहिलं पत्र नांदेडचं. लिहिणारा सातवीत आहे. तो म्हणतो, ‘काका, मी आणि माझा आत्येभाऊ दीड वर्षापासून पैसे साठवतोय. प्रिन्स ऑफ पर्शियाचा नवा सँड्स ऑफ टाइम येणार आहे ना, त्याच्यासाठी. आता आत्येभाऊ म्हणतो, तो गेम येणारच नाही, बंद केला. तो लई फेका मारतो, म्हणून तुम्हाला विचारतो. खरं काय ते सांगा.’

दुसरं पत्र लातूरचं, नववीतल्या एका मुलीचं. अक्षर छापल्यासारखं! आणि खाली कोपऱ्यात एका राजकन्येचं चित्र, तिच्या हातात धनुष्यबाण. ती लिहिते, ‘आमच्या ट्यूशनची मुलं म्हणतात, हा गेम आधी पुण्या-मुंबईच्या लोकांकडे होता. त्यांना जमला नाही म्हणून काढून घेतला आणि म्हणूनच शेवटी बंद पडला. मला मोठी झाल्यावर गेमची चित्रं काढायची आहेत. बाबा म्हणतात, बघ, तिथंही आपल्या लोकांचं काही खरं नाही, तू आपली नीटची तयारी कर. काका, आपल्या लोकांना खरंच जमत नाही का हो?’

पहिल्या पत्राचं उत्तर एका ओळीचं आहे. बाबा रे, तुझा आत्येभाऊ या वेळी फेकत नाहीये. २१ जानेवारी २०२६ ला यूबीसॉफ्ट या फ्रेंच कंपनीनं जाहीर केलं की ‘प्रिन्स ऑफ पर्शिया : द सँड्स ऑफ टाइम’चा रीमेक रद्द.

दुसऱ्या पत्राचं उत्तर मात्र एका ओळीत मावणारं नाही. त्यासाठी थोडं मागे जावं लागेल. या गेममध्ये काळ मागे नेता येतो म्हणतात, तर आपणही नेऊ!

माझी आणि या राजपुत्राची ओळख नांदेडलाच झाली. १९९५ चा उन्हाळा. दहावीची परीक्षा झाली आणि वडिलांनी मला कॉम्प्युटर क्लासला घातलं. एका खोलीत चार कॉम्प्युटर, त्यातले चालणारे तीन. चपला दाराबाहेर काढून आत जायचं, कारण धूळ गेली की कॉम्प्युटर आजारी पडतो म्हणे! पाऊण तास डॉसच्या आज्ञा घोकायच्या आणि शेवटची पंधरा मिनिटं सर गेम खेळू द्यायचे. एका फ्लॉपीत ‘डेव्ह’ होता, दुसरीत ‘प्रिन्स’. डेव्हच्या फ्लॉपीला कुणी हात लावत नसे असं नाही, पण प्रिन्ससाठी भांडणं व्हायची.

गोष्ट सोपी होती. जाफर नावाच्या दुष्ट वजिरानं राजकन्येला महालात कोंडलंय आणि तिच्यासमोर वाळूचं घड्याळ ठेवलंय. राजपुत्र तळघरात कैदेत. त्याच्याकडे बरोब्बर साठ मिनिटं. तेवढ्यात काटे, खड्डे, पहारेकरी सगळं पार करून वर पोचायचं. त्याच्याकडे साठ मिनिटं आणि आमच्याकडे पंधरा! त्यात मे महिन्यातली नांदेडची लाईट. राजपुत्र कड्याला लोंबकळतोय, हात सुटत आलाय, आणि पडदा काळा. आमच्या आख्ख्या बॅचमध्ये शेवटपर्यंत जाऊन राजकन्येला सोडवलेला एकही माणूस नाही. खेळ जपून ठेवायची सोय त्या गेममध्ये होती, हे मला फार वर्षांनी कळलं. तेव्हा कुणी सांगितलं असतं तर!

पहिली पातळी संपली की एक अजब खोली यायची. फरशीवर ओळीनं बाटल्या, प्रत्येक बाटलीच्या वर एक इंग्रजी अक्षर. पडद्यावर हुकूम उमटायचा : पुस्तिकेच्या अमुक पानावरच्या अमुक ओळीतल्या अमुक शब्दाचं पहिलं अक्षर ज्या बाटलीवर असेल ती पी. चुकीची प्यायलास की जीव कमी. आता आमच्याकडे पुस्तिका कुठून असणार? ती फ्लॉपी कुणाच्या तरी फ्लॉपीवरून उतरवलेली, म्हणजे चोरीचीच म्हणा ना. आणि त्या बाटल्या म्हणजे चोरांसाठी लावलेलं कुलूप होतं. पण आमच्यातला एक बहाद्दर रोज मरून मरून उत्तरं शोधायचा आणि दोनशे पानी वहीत टिपून ठेवायचा. त्या वहीला आमच्याकडे गाईडपेक्षा जास्त भाव होता.

पण खरी जादू होती ती त्या राजपुत्राच्या चालण्यात. तेव्हाच्या गेममधली माणसं ठोकळ्यासारखी सरकायची. हा पठ्ठ्या मात्र पळता पळता थांबला की थोडा घसरायचा. उडी चुकली की बोटांनी कडा धरायचा आणि वर चढताना आख्खं अंग ताणायचा. मला वाटायचं, आत खरंच एक इटुकला माणूस आहे.

तसा तो होताच! जॉर्डन मेकनर नावाचा अमेरिकन तरुण. कॉलेजात असतानाच त्यानं ‘कराटेका’ नावाचा गेम लिहिला होता, तो १९८४ मध्ये बाजारात आला. पुढच्या वर्षी त्यानं आपल्या धाकट्या भावाला, डेव्हिडला, पांढरे कपडे घालायला लावले, मोकळ्या गाडीतळावर नेलं आणि सांगितलं, पळ. उडी मार. चढ. लोंबकळ. हे सगळं व्हिडिओ कॅमेऱ्यानं टिपलं. मग ती टेप टीव्हीवर लावून, थांबवत थांबवत, पडद्याचे एकेक फोटो काढले. फोटो धुऊन आणले. प्रत्येक फोटोतली आकृती काळ्या मार्करनं आणि खाडाखोडीच्या पांढऱ्या शाईनं उठावदार केली, त्यांच्या झेरॉक्स काढल्या आणि मग कुठे त्या कॉम्प्युटरमध्ये घातल्या. एका उडीसाठी किती चित्रं झाली असतील, करा विचार! तलवारबाजी मात्र डेव्हिडला येत नव्हती, म्हणून ती १९३८ सालच्या रॉबिन हूडच्या सिनेमातल्या लढाईवरून उचलली. संगीत कुणी दिलं? वडिलांनी. सगळं घर कामाला लावलं होतं या माणसानं.

ज्या कॉम्प्युटरवर तो हे करत होता त्या ॲपल-टूची स्मृती फार तोकडी. राजपुत्राचीच चित्रं इतकी जागा खात होती की दुसऱ्या शत्रूला जागाच उरेना. मग मेकनरनं युक्ती केली. राजपुत्राचीच चित्रं घेतली, कॉम्प्युटरला ती किंचित सरकवून एकमेकांवर काढायला लावली, आणि तयार झाला एक धूसर, चमचमणारा छायापुरुष. राजपुत्र आरशातून उडी मारतो आणि त्याच्याच अंगातून त्याची सावली बाहेर पडते, हा त्या गेममधला सगळ्यात भारी प्रसंग जागा नव्हती म्हणून सुचलेला आहे!

चार वर्षं खपून १९८९ मध्ये गेम निघाला, आणि सुरुवातीला खपला नाही. ॲपल-टूचे दिवस तोवर भरत आले होते. १९९० मध्ये तो डॉसवर आला, मग आणखी निरनिराळ्या कॉम्प्युटरांवर गेला आणि त्यानंतर जगभर पसरला. पसरत पसरत आमच्या क्लासपर्यंत आला, बाटल्यांच्या कुलपासकट.

आता उडी मारू २००३ मध्ये. यूबीसॉफ्टच्या कॅनडातल्या मॉन्ट्रियलच्या मंडळींनी याच राजपुत्राला घेऊन एक नवाच गेम बनवला, ‘द सँड्स ऑफ टाइम’. गोष्ट लिहिली मेकनर यांनीच. आणि ती गोष्ट सुरू कुठे होते, माहितेय? भारतात! पर्शियाचं सैन्य एका महाराजाच्या राजवाड्यावर चालून येतं. लुटीत राजपुत्राला एक कट्यार मिळते, आणि सैन्याच्या हाती लागतं वाळूनं भरलेलं एक अवाढव्य घड्याळ. कपटी वजीर राजपुत्राला फसवून ती वाळू मोकळी करायला लावतो आणि जिकडेतिकडे माणसांची वाळूची भुतं होतात. मग ज्या महाराजाचं राज्य लुटलं त्याचीच मुलगी, फराह, आणि हा राजपुत्र, दोघांना मिळून सगळं निस्तरावं लागतं. तिच्या हातात धनुष्यबाण असतो. हो, लातूरच्या पत्रातली राजकन्या तीच!

त्या कट्यारीत गंमत होती. उडी चुकली, दरीत पडला, तरी घाबरायचं नाही. कळ दाबून धरली की काही सेकंदांचा काळ उलटा फिरायचा. पडलेला राजपुत्र हवेतून वर येऊन पुन्हा कठड्यावर उभा! पंधरा मिनिटांत मरून मरून कंटाळलेल्या आमच्या पिढीला ही केवढी चैन वाटली म्हणून सांगू. या गेमचे २००४ आणि २००५ मध्ये दोन पुढचे भाग आले, २०१० मध्ये हॉलिवूडचा सिनेमासुद्धा आला.

मग मात्र राजपुत्र मागे पडला, आणि मागे पाडलं ते घरातल्याच धाकट्यानं. मॉन्ट्रियलला प्रिन्सचाच पुढचा गेम म्हणून एक काम सुरू झालं होतं, ते वाढत वाढत २००७ मध्ये ‘असॅसिन्स क्रीड’ नावानं वेगळं झालं. ते इतकं खपलं की कंपनीचं सगळं लक्ष तिकडेच गेलं. चाहते दर वर्षी विचारायचे, आमचा राजपुत्र कुठाय?

उत्तर आलं १० सप्टेंबर २०२० ला. सँड्स ऑफ टाइम पुन्हा नव्यानं बनतोय! आणि बनवतंय कोण? यूबीसॉफ्टची पुणे आणि मुंबईची मंडळी. पुण्याचा स्टुडिओ कंपनीनं २००८ मध्ये दुसऱ्या एका कंपनीकडून घेतला होता, मुंबईचा २०१८ मध्ये उघडला. आपल्याकडच्या अशा स्टुडिओंच्या वाट्याला बहुतेक वेळा दुसऱ्यांच्या गेमचं काम यायचं. परदेशात बनलेला गेम वेगळ्या यंत्रावर चालता करायचा, किंवा हजार वेळा खेळून त्यातल्या चुका शोधायच्या. असं असताना इतक्या नावाजलेल्या गेमचं काम पुण्या-मुंबईकडे आलं. भारतात सुरू होणारी गोष्ट भारतात पुन्हा बांधली जाणार होती. त्या रात्री मला नांदेडच्या त्या खोलीतल्या चपलांचा ढीग आठवला, खोटं कशाला सांगू.

आणि मग ट्रेलर बघून सगळं जग हसलं.

चेहरे मेणाच्या बाहुल्यांसारखे आहेत, उजेड सपाट आहे, हा नवा गेम की २००३ चाच, असं काय काय लोक बोलले. शेजारी शेजारी जुनी-नवी चित्रं लावून खिल्ली उडवली गेली. मीही एका मित्राला तसलं एक चित्र पाठवलं होतं. तेव्हा विनोदी वाटलं. आज हे पत्र हातात घेऊन बसल्यावर तितकंसं वाटत नाही.

ट्रेलर चांगला होता असं मात्र मी म्हणणार नाही. नव्हताच. कच्चा होता. पण ते काम किती अवघड होतं तेही बघू या. रीमेक म्हणजे जुन्या गेमला नुसता रंग मारणं नव्हे. आपला कंधारचा किल्ला डोळ्यांपुढे आणा. पडलेला बुरूज सावरणं वेगळं, आणि तसाच्या तसा आख्खा किल्ला शेजारी नव्यानं उभारणं वेगळं. वर बघणाऱ्यानं म्हणायचं, किल्ला जुनाच वाटला पाहिजे, पण वीज, पाणी, लिफ्ट सगळं पाहिजे! शिवाय लोकांना २००३ चा गेम तो होता तसा आठवत नाही. त्यांना आठवतो तो त्यांच्या लहानपणीचा, छोट्या टीव्हीवरचा, आजीच्या हातच्या लाडवासारखा. त्या लाडवाशी कोण स्पर्धा करणार?

दुसरं असं, की त्याच सुमाराला रीमेकची उंची भलतीच वाढली होती. जपानच्या ‘रेसिडेंट ईव्हिल २’चा रीमेक २०१९ मध्ये आला होता. ‘फायनल फँटसी ७’चा एप्रिल २०२० मध्ये आला. तो तर २०१५ मध्ये जाहीर झाला होता, पाच वर्षं लागली, आणि तरी गोष्टीचा पहिलाच भाग निघाला. आपला प्रिन्स मोठ्या गेमपेक्षा कमी किमतीत विकायचं ठरलं होतं, म्हणजे बेतही तसा लहानच असणार. पण लोकांनी तुलना केली ती त्या दोन पहिलवानांशी. त्यात लॉकडाऊन. तुमची शाळा घरात भरत होती ना, तसे हे गेमही घराघरांत बसून बनत होते.

जाहीर केलेली तारीख होती २१ जानेवारी २०२१. म्हणजे ट्रेलरनंतर जेमतेम चार महिने! कच्चं काम कधी दाखवायचं आणि विकायचं कधी, हे चित्रं काढणारे ठरवत नाहीत बरं का. ते वरचे साहेब ठरवतात. हसताना लोक साहेबांना हसले नाहीत.

पुढचं पटापट सांगतो, कारण त्यात वाट बघण्याशिवाय काही नाही. तारीख आधी १८ मार्च २०२१ वर गेली. फेब्रुवारीत तीही रद्द, नवी तारीखच नाही. मे २०२२ मध्ये काम पुण्या-मुंबईकडून काढून मॉन्ट्रियलला नेलं. त्यानंतर दोन वर्षं जवळजवळ चिडीचूप. जून २०२४ मध्ये एक छोटीशी झलक आली, तिच्यात बघायला काय होतं, तर एक जळती मेणबत्ती! आणि ‘२०२६’ हा आकडा. नांदेडच्या आपल्या दोस्तांनी गल्ला सुरू केला तो याच भरवशावर. आणि २०२६ च्या जानेवारीत मेणबत्ती विझली.

तारीख बघा. २१ जानेवारी. पाच वर्षांपूर्वी ज्या दिवशी गेम दुकानात यायचा होता, बरोब्बर त्याच दिवशी तो रद्द झाल्याचं जाहीर झालं. गोष्टीत कुणी असं लिहिलं असतं तर मी म्हटलं असतं, काहीतरीच काय!

आता, लातूरच्या ताई, आपण दोघं मिळून वजाबाकी करू. जाहीर झाल्यापासून पुणे-मुंबईकडे काम राहिलं सप्टेंबर २०२० ते मे २०२२. वीस महिने. त्याआधीचेही काही असणार, कारण ट्रेलर आकाशातून पडत नाही. मॉन्ट्रियलकडे राहिलं मे २०२२ ते जानेवारी २०२६. चव्वेचाळीस महिने, म्हणजे तीन वर्षं आठ महिने. मॉन्ट्रियल कुठलं? जिथे २००३ चा मूळ गेम जन्मला, तेच. ज्यांच्या घरातली ती रेसिपी, त्यांच्याकडेही साडेतीन वर्षांवर काळ जाऊन गेम बाहेर पडला नाही. कंपनीचं म्हणणं असं, की लोकांच्या अपेक्षेइतका चांगला करायला जेवढा वेळ आणि पैसा लागेल तेवढा आता घालणं परवडणारं नाही. ट्यूशनमधली मुलं पुढच्या वेळी ‘जमलं नाही’ म्हणाली, तर त्यांना विचार, कुणाकुणाला?

आणि त्या दिवशी हा एकच गेम गेला असंही नाही. कंपनी स्वतःच अडचणीत होती. एका फटक्यात सहा गेम रद्द केले, सात पुढे ढकलले, स्वीडनमधलं स्टॉकहोमचं ऑफिस बंद केलं; कॅनडातलं हॅलिफॅक्सचं तर त्याच्या थोडं आधीच बंद केलं होतं. तिथल्या लोकांच्या नोकऱ्या गेल्या. त्यांच्यात आपल्याकडचं कुणी नव्हतं असं समजून मला काही बरं वाटत नाही.

मला खरी चुटपुट लागते ती वेगळ्याच गोष्टीची. २०१२ मध्ये मेकनर यांच्या वडिलांना घरातल्या एका कपाटात खोकं सापडलं. आत फ्लॉप्या. त्यांच्यावर काय होतं? १९८९ च्या प्रिन्सचा मूळ प्रोग्रॅम, ओळ न् ओळ. मेकनर यांना तो कायमचा हरवला असं वाटत होतं! जुन्या यंत्रांची माहिती असलेल्या लोकांना बोलावून, जपून जपून, त्या फ्लॉप्या वाचल्या आणि एप्रिल २०१२ मध्ये सगळा प्रोग्रॅम जगासाठी खुला केला. आज तुम्ही-आम्ही कुणीही तो वाचू शकतो. छायापुरुषाची युक्तीसुद्धा त्यात आहे. पुण्या-मुंबईत कुणीतरी फराहचे केस काढले असतील, कुणीतरी महाराजाच्या राजवाड्याचे खांब. खांबांवरच्या नक्षीसाठी कोण कुठल्या लेण्यात जाऊन वही भरून आला असेल, देव जाणे. ते काम एका ट्रेलरपुरतं दिसलं, तेही हसण्यासाठी. बाकीचं कंपनीच्या कुलपात. ते खोकं कुणाच्या वडिलांच्या कपाटात सापडायचं नाही.

थांबा, आणखी एक राहिलं. याच पुण्यात, याच २०२० सालात आणखी एक गेम पूर्ण झाला. त्याचं नाव ‘राजी’. बनवणारी कंपनी नॉडिंग हेड्स गेम्स. अगदी छोटी मंडळी. मधे पैसे संपत आले, लोकांकडून वर्गणी काढून बघितली, तीही पुरेशी जमली नाही, तरी लावून धरलं. राजी ही जत्रेत कसरती करणारी मुलगी, राक्षसांनी पळवलेल्या भावाला शोधत निघते. भिंतीवरून पळणं, कठड्याला लोंबकळणं बघितलं की प्रिन्सची आठवण आल्याशिवाय राहत नाही. हा गेम ऑगस्ट २०२० मध्ये एका यंत्रासाठी आला, ऑक्टोबरमध्ये बाकीच्यांसाठी. म्हणजे प्रिन्सच्या त्या ट्रेलरच्या एक महिना आधी आणि एक महिना नंतर! त्या वर्षीच्या ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये नव्या स्वतंत्र स्टुडिओंच्या पहिल्या गेमसाठी जे बक्षीस असतं, त्याच्या शेवटच्या पाचांत राजी होती. बक्षीस दुसऱ्याला गेलं. पण जगभर हसणारे लोक हसत होते तेव्हा पुण्याचंच दुसरं काम लोक खेळत होते, हे कुणी ट्यूशनमध्ये सांगत नाही.

ताईच्या बाबांना दोन शब्द. बाबा, तुमची काळजी खोटी नाही. या धंद्यात चार-पाच वर्षांचं काम एका सकाळी रद्द होतं, हे तर वर मीच लिहिलंय. लातुरात राहून तुम्ही मुलीला नीटचा अभ्यास कर म्हणालात तर मी कोण अडवणार? पण गेमची चित्रं काढायला काय लागतं तेही तिच्या वहीत एकदा बघा. हाडं-स्नायू कुठे वळतात ते जीवशास्त्र, उजेड कुठून पडतो ते भौतिकशास्त्र, आणि उडी मारलेला माणूस कुठल्या रेषेत खाली येतो ते गणित. दोन्हीकडचा अभ्यास वाटतो तितका लांब नाही. दहावीपर्यंत तरी चित्रकलेची वही कपाटात टाकायला लावू नका, एवढंच मागणं.

आता नांदेडचा गल्ला! दोस्ता, तुमचे पैसे तुमच्या घरात आहेत ना? मग तुम्ही सुखी. २०२० मध्ये कित्येकांनी गेम यायच्या आधीच पैसे भरून नंबर लावला होता आणि पुढे परत घेत बसले. जो गेम अजून बनायचाय त्याला आगाऊ पैसे द्यायची काय घाई, असं माझं आपलं मत. खेळायचंच असेल तर २००३ चा मूळ सँड्स ऑफ टाइम आजही कॉम्प्युटरसाठी विकत मिळतो, आणि तो तुमच्या गल्ल्यात बसेल. चित्रं जुनी वाटतील. पहिली दहा मिनिटं वाटतील, मग नाही वाटणार. जानेवारी २०२४ मध्ये आलेला ‘द लॉस्ट क्राउन’ही आहे, फ्रान्समधल्या माँपेलिए गावच्या मंडळींनी केलेला. त्यात नायक राजपुत्र नाही, राजपुत्राला सोडवायला निघालेला सरगोन नावाचा योद्धा आहे, आणि पात्रं चक्क फारसीत बोलतात. खेळ अव्वल. एवढं कौतुक होऊनही त्या मंडळींना पुढे वेगवेगळ्या कामांवर वाटून टाकलं, हे ऐकून मात्र मी डोक्याला हात लावला. ‘द रोग प्रिन्स ऑफ पर्शिया’ नावाचा आणखी एक ऑगस्ट २०२५ मध्ये पुरा झाला. सगळ्यात तलवारबाजी आहे, तेव्हा घरच्यांना आधी दाखवा आणि मग खेळा.

राजपुत्र पुन्हा येणार का? कंपनी म्हणते, प्रिन्सचं नाव आम्ही सोडलेलं नाही. आता तिनं आपल्या सगळ्या गेमची पाच घरं केली आहेत. आपला प्रिन्स चौथ्या घरात आहे, रेमन, ॲनो वगैरे जुन्या मंडळींबरोबर. मोठी लाडकी भावंडं पहिल्या घरात. चौथ्या घरातल्यांना जेवायला कधी बोलावतात त्यावर सगळं अवलंबून. माझा अंदाज विचाराल तर, येईल, पण तुम्ही दोघं आत्ये-मामेभाऊ तेव्हा कॉलेजात असाल. गल्ल्याचं काय करायचं ते ठरवा.

तोवर मेकनरसारखं एक काम सगळ्यांनी करून बघा. घरातल्या मोबाइलवर धाकट्या भावंडाच्या उडीचा व्हिडिओ काढा. अंगणात, मोकळ्या जागी, गच्चीच्या कठड्याजवळ अजिबात नाही! व्हिडिओ थांबवत थांबवत पडद्यावर बटर पेपर ठेवून हलक्या हातानं आकृती गिरवा. एका उडीची दहा-बारा चित्रं होतील. ती छोट्या वहीच्या कोपऱ्यात ओळीनं चिकटवा आणि पानं फर्रकन उलटा. जमलं तर आम्हाला पाठवा, पत्ता नेहमीचाच. ज्याच्या वहीत भावंड सगळ्यात झकास उडेल, त्याची चित्रं छापू.

लातूरच्या ताईची फराह याच अंकात मागच्या पानावर आहे. तिनं धनुष्य डाव्या हातात दिलंय की उजव्या, यावरून संपादकांची आणि माझी चहा गार होईपर्यंत वादावादी झाली. ताई, तूच कळव.

प्रिंटर पुढच्या आठवड्यात. या वेळी नक्की.

तुमचा,
कॉम्प्युटरकाका